दोन धातूंची संगत

मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करणाऱ्या बागायतदाराला एक गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. मोरचुदाचे पाणी तो लोखंडी बादलीत करीत नाही. प्लॅस्टिकचे पिंप नाहीतर मातीचे भांडे घेतो. मिश्रण तयार झाले की स्वच्छ घासलेले विळ्याचे पाते त्यात थोडा वेळ धरतो. पात्यावर तांबूस पुट चढले, तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी घालतो. पाते होते तसेच राहिले, तर फवारायला हरकत नाही.

ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि ती अगदी बरोबर आहे. पण त्या पात्यावर नेमके काय घडते? ते तांबूस पुट म्हणजे गंज नव्हे, बरे का. ते शुद्ध तांबे असते. मोरचूद हा तांब्याचा क्षार. त्यातले तांबे पात्यावर येऊन बसते. मग साहजिकच विचारावेसे वाटते, की तांबे बाहेर आले तर त्याच्या जागी पाण्यात काय गेले? पाण्यात गेले लोखंड. जितके तांबे बाहेर आले, तितक्या हिशेबाने विळ्याचे लोखंड विरघळले. म्हणून तर लोखंडी बादलीत मोरचूद कालवला की औषधही बिघडते आणि बादलीही जाते.

या साध्या देवाणघेवाणीतच आजच्या आपल्या विषयाचे सारे मर्म आहे. पन्हाळी पत्रे, पाण्याची टाकी, विहिरीवरची मोटार, कोकणातल्या मच्छीमाराची नौका, या सगळ्यांचे आयुष्य ठरते ते दोन धातू एकमेकांच्या संगतीत कसे वागतात यावर. ही संगत ओळखता आली तर पुष्कळ पैसा वाचतो, आणि कधी कधी त्याहून मोलाचेही काही वाचते.

धातूंची उतरंड

प्रत्येक धातूच्या अणूमध्ये काही इलेक्ट्रॉन सैलसे असतात. इलेक्ट्रॉन म्हणजे ऋण विजेचा अतिसूक्ष्म कण. काही धातू हे कण सहज सोडून देतात, तर काही हात आखडून बसतात. इलेक्ट्रॉन सोडून दिलेला अणू पाण्यात उतरतो. त्याला आयन म्हणतात. धातू झिजतो म्हणजे त्याचे अणू असे एकेक करून पाण्यात उतरतात.

इलेक्ट्रॉन सोडण्याची ही तयारी मोजता येते. घरातल्या मडक्यांची उतरंड असते तशी धातूंचीही एक उतरंड शास्त्रज्ञांनी लावून ठेवली आहे. सर्वांत उदार वर, सर्वांत कंजूष तळाशी असे धरले, तर ओळ अशी लागते: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, तांबे, चांदी आणि शेवटी सोने. प्रमाणित द्रावणात मोजले असता जस्ताचा आकडा उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट आणि तांब्याचा अधिक ०.३४ व्होल्ट येतो. जस्त व तांबे यांच्या आकड्यांतले अंतर १.१० व्होल्ट. या दोन धातूंचा विद्युत्‌घट केला तर त्याचा दाब एवढाच भरतो.

इटलीतील बोलोन्या येथील गॅल्व्हानी याने १७९१ मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, की दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला म्हणजे मेलेल्या बेडकाचा पाय झटका देतो. वीज प्राण्याच्या अंगातच असते असे त्याला वाटले. त्याच देशातल्या व्होल्टाने ते मानले नाही. वीज येते ती दोन धातू आणि त्यांच्यामधला ओलावा यांतून, असे त्याचे म्हणणे. १८०० साली त्याने जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या यांची चळत रचून वीज काढून दाखवली. आपल्या टॉर्चमधला सेल हा त्या चळतीचाच वंशज आहे.

आता मुद्द्याची गोष्ट अशी, की सेल बनवायला कारखानाच लागतो असे नाही. जिथे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले आणि दोघांवर ओल आली, तिथे आपोआप एक सेल तयार होतो. तो कुणी मागितलेला नसतो. त्याच्यापासून दिवा लागत नाही. पण तो रात्रंदिवस चालू राहतो आणि दोहोंपैकी एका धातूला खात राहतो.

चार गोष्टी जमल्या तरच

असा सेल चालायला चार गोष्टी लागतात. पहिली, उतरंडीवर अंतर असलेले दोन धातू. दुसरी, त्यांचा एकमेकांना स्पर्श, म्हणजे इलेक्ट्रॉनांना जाण्यायेण्याची वाट. तिसरी, दोघांना जोडणारे पाणी, म्हणजे आयनांची वाट. आणि चौथी, जी आपण नेहमी विसरतो, ती म्हणजे आलेले इलेक्ट्रॉन घेणारा कुणीतरी. मोरचुदाच्या पाण्यात ते काम तांब्याचे आयन करतात. आपल्या विहिरीच्या, नळाच्या, पावसाच्या पाण्यात ते काम पाण्यात मुरलेला प्राणवायू करतो.

लोखंड आणि तांबे यांचा जोड घ्या. लोखंड इलेक्ट्रॉन सोडते आणि स्वतः पाण्यात उतरते. ते इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातात. तांब्याच्या पृष्ठभागावर प्राणवायू वाट पाहत असतो. तो ते घेतो. तांबे स्वतः जसेच्या तसे राहते. झीज होते ती लोखंडाची. पाठ्यपुस्तकात झिजणाऱ्याला ॲनोड आणि राखल्या जाणाऱ्याला कॅथोड म्हणतात. आपण सोयीसाठी झिजता धातू आणि राखलेला धातू असे म्हणू.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण म्हणतो. इथे मात्र उलटे आहे. तांब्याशेजारी बांधलेल्या लोखंडाला तांब्याचा टिकाऊपणा लागत नाही. उलट एकटे असताना जितके टिकले असते तितकेही ते टिकत नाही.

चारांपैकी एक गोष्ट काढून घेतली की हा उद्योग थांबतो. गंजाविरुद्धचे जवळजवळ सगळे उपाय म्हणजे या चारांपैकी कोणती तरी एक गोष्ट काढून घेण्याची युक्ती होय. एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे जाते.

पाच पेल्यांचा प्रयोग

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सगळे फळ्यावर लिहून मुलांच्या गळी उतरत नाही. त्यासाठी एक प्रयोग सांगतो. खर्च फारसा नाही. साधे लोखंडी खिळे घ्या. जस्त चढवलेले चमकदार खिळे नकोत. पॉलिश कागदाने ते घासून लख्ख करा, साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा घालवा. काचेचे पाच पेले घ्या.

पहिल्या पेल्यात साधे पाणी आणि नुसता खिळा. दुसऱ्यात मिठाचे पाणी आणि नुसता खिळा. पाऊण पेला पाण्यात चहाचा एक चमचा मीठ पुरे. तिसऱ्यात तेच मिठाचे पाणी, पण खिळ्याच्या मध्यावर तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळलेली. तारेवरचे रोगण घासून काढायला विसरू नका. चौथ्यात मिठाचे पाणी आणि खिळ्याला नव्या जस्ती पत्र्याची पट्टी आवळून बांधलेली. पाचव्यात दहा मिनिटे खळखळून उकळलेले आणि झाकून निववलेले साधे पाणी. खिळा टाकल्यावर वर गोडेतेलाचा बोटभर थर, म्हणजे बाहेरची हवा आत मुरणार नाही.

मग रोज ठरलेल्या वेळी मुलांना पाहायला लावा आणि वहीत लिहायला लावा. चारपाच दिवसांत फरक उघड दिसतो. मिठाच्या पाण्यातला खिळा साध्या पाण्यातल्यापेक्षा जास्त गंजतो. तांब्याची तार बांधलेला त्याहूनही जास्त. जस्ताची सोबत असलेला खिळा राखला जातो, आणि पांढरा साका येतो तो जस्ताच्या पट्टीभोवती. पाचव्या पेल्यातला खिळा पाण्यात बुडालेला असूनही जवळजवळ स्वच्छ राहतो. लोखंड पाण्याने गंजते, असे मुले एका सुरात सांगतात. पाचवा पेला त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, पाणी तर इथेही आहे. मग प्राणवायूची आठवण त्यांना तुम्ही करून द्यावी लागत नाही. ती त्यांची त्यांनाच होते.

या प्रयोगात एक शिस्त मात्र पाळायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मीठ किती परिणाम करते हे पाहायचे असेल, तर खिळा तोच, पाण्याचे माप तेच, जागा तीच, आणि बदल फक्त मिठात. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने काय केले ते सांगता येत नाही. रसायनशास्त्र शिकवताना मला वाटते, की गंजाच्या माहितीपेक्षाही ही शिस्त मुलांच्या जास्त उपयोगी पडेल. खताचा, बियाण्याचा, औषधाचा खरा गुण पाहायचा तोही असाच.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

झीज किती लवकर होईल हे कशावर ठरते? कुणीही म्हणेल, उतरंडीवरच्या अंतरावर. ते खरे आहे, पण अर्धेच. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. विहीर उंचावर आणि शेत खाली, तर पाणी कोणत्या दिशेला जाईल ते उंचीवरून ठरते. पण शेतात पाणी किती पडेल, हे पाट किती रुंद, त्यात गवत किती माजले आणि दारे किती उघडे यावरही अवलंबून असते. धातूंच्या बाबतीत व्होल्ट म्हणजे ही उंची. कोण झिजणार ते व्होल्ट सांगतात. किती वेगाने झिजणार ते प्रवाह सांगतो, आणि प्रवाह मोजायचा तो ॲम्पिअरमध्ये.

फॅरडेच्या नियमाने याचा चोख हिशेब करता येतो. एक ॲम्पिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे ९.१ किलो लोखंड विरघळते. एक ॲम्पिअर हा अर्थात फार मोठा प्रवाह झाला. पण त्याचा हजारावा भाग, म्हणजे एक मिलिॲम्पिअर धरला, तरी वर्षाला ९ ग्रॅम लोखंड जाते. ही झीज जर सगळी एकाच ठिकाणी झाली, तर तीन मिलिमीटर जाडीच्या पाइपाला साधारण रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडेल. पाइपाचे वजन करून पाहाल तर फरक जाणवणारही नाही. पाइप मात्र कामातून गेला.

आता प्रवाह वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहू.

मीठ, हवा आणि ऊन

पाण्यात क्षार असले की आयनांची वाट रुंद होते. म्हणून पावसाच्या पाण्यापेक्षा मचूळ विहिरीचे पाणी आणि त्याहून समुद्राचे पाणी लोखंडाला जास्त मारक. मिठाचा आणखी एक अवगुण असा, की धातूवर आपोआप तयार होणारे रक्षक पापुद्रे ते फोडते. रत्नागिरी-मालवणकडे पत्र्याला देशावरच्यापेक्षा लवकर भोके पडतात, त्याचे कारण नुसता पाऊस नव्हे, तर वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार. मौज अशी, की मीठ वाढवीत गेले म्हणून झीज वाढतच जाते असे नाही. साधारण तीन टक्के मिठापर्यंत, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या आसपास, लोखंडाची झीज सर्वांत जोराची असते. त्यापुढे पाणी जितके खारट तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो आणि झीज मंदावते.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. साध्या पाण्यात झिजेचा वेग बहुधा तोच ठरवतो, कारण इलेक्ट्रॉन घेणारा तो. वाहते, खळाळते पाणी ताजा प्राणवायू सारखा आणून देते, म्हणून तिथे झीज जास्त. साचलेल्या, कोंडलेल्या पाण्यात कमी.

तिसरी गोष्ट उष्णतेची. रासायनिक क्रिया उष्णतेने वेगवान होतात, तशी झीजही होते. पण उघडे पाणी तापले की त्यातला प्राणवायू उडून जातो. म्हणून उघड्या भांड्यात तापमानाबरोबर झीज काही मर्यादेपर्यंत वाढते आणि पुढे उतरते. बंद टाकीत प्राणवायूला पळायला वाट नसते. तिथे झीज वाढतच राहते. शिवाय साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटते, आणि एरवी लोखंडाला राखणारे जस्त तिथे राखणदारी सोडून देते.

चौथी गोष्ट आंबटपणाची. आम्लात लोखंड, जस्त, ॲल्युमिनियम सारेच लवकर झिजतात; तिथे प्राणवायू नसला तरी आम्ल स्वतःच इलेक्ट्रॉन घेते आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. अल्कात मात्र धातूधातूंत फरक पडतो. चुना आणि सिमेंट यांच्या अल्कयुक्त ओलीत लोखंडावर पातळ रक्षक पापुद्रा बसतो, म्हणूनच काँक्रीटमधल्या सळया टिकतात. पण ॲल्युमिनियम आणि जस्त यांना आम्लही सोसत नाही आणि तीव्र अल्कही सोसत नाही. सोड्याच्या पाण्याने ॲल्युमिनियमचे पातेले घासल्यावर ते काळवंडते, ते यामुळेच.

स्वयंपाकघरातला आणखी एक दाखला देतो. स्टीलच्या भांड्यात आंबटखारट आमटी उरली आहे, आणि वर ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद दाबून बसवला आहे. सकाळी पाहावे तर कागदाला बारीक भोके पडलेली! मीठ आणि चिंच यांची ओल, स्टीलचा स्पर्श आणि वर ॲल्युमिनियम. सेलची सारी सामग्री तयार. कागद आमटीला आणि भांड्याला एकदमच टेकू देऊ नये, म्हणजे झाले.

लहान आणि मोठा

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचीच उपेक्षा सर्वांत जास्त होते. झिजता धातू केवढा आणि राखलेला केवढा, हा तो प्रश्न.

तांब्याचा मोठा पत्रा आहे आणि तो लोखंडी खिळ्यांनी ठोकला आहे, अशी कल्पना करा. प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो तो तांब्याच्या साऱ्या पृष्ठभागावर. गिऱ्हाईक मोठे आणि पुरवणारा लहान. सगळी मागणी त्या चारदोन खिळ्यांवर पडते आणि ते बघता बघता खलास होतात. आता उलट करा. लोखंडाचा मोठा पत्रा आणि त्याला तांब्याचे खिळे. मागणी थोडी, पुरवठा मोठ्या क्षेत्रावर वाटलेला. लोखंड झिजते, पण इतके हळू, की वर्षानुवर्षे चालून जाते. धातू तेच, पाणी तेच, व्होल्टही तेच, परंतु निकालात जमीनअस्मानाचे अंतर.

हा धडा इंग्लंडच्या नौदलाला १७६३ साली मिळाला. लाकडी जहाजांच्या तळाला किडा लागू नये म्हणून ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेचा तळ १७६१ मध्ये तांब्याच्या पत्र्याने मढवला होता. दोन वर्षांनी तळ पाहिला, तेव्हा तांबे ठीक होते, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे गळून गेले होते. काही थोडे खिळे मात्र शाबूत होते. बारकाईने पाहता असे दिसले, की पत्रे ज्या जाड तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी चुकून तसाच राहिला होता. लोखंड आणि तांबे यांचा स्पर्श कागदाने तोडला होता.  व्होल्टाची चळत यायला अजून ३७ वर्षे होती.

एवढे होऊनही माणूस तीच परीक्षा पुन्हा देतो. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला. त्याचे अंग तांब्याच्या पातळ पत्र्याचे आणि आतला सांगाडा लोखंडी. दोहोंचा स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये ॲस्बेस्टॉसचे थर घातले होते. म्हणजे धोका बांधणाऱ्यांना ठाऊक होता. पण ते थर काळाच्या ओघात जीर्ण झाले, समुद्राची खारी ओल आत शिरली आणि लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या. १९८४ ते १९८६ या काळात त्या काढून स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या आणि मध्ये टेफ्लॉनचे अस्तर घालावे लागले.

या मुद्द्यातून रंगाविषयी एक नियम निघतो, तो ऐकून पुष्कळांना नवल वाटते. लोखंड आणि पितळ यांचा जोड आहे आणि रंग एकालाच देता येण्याजोगा आहे, तर कुणाला द्यावा? आपण म्हणू, गंजते ते लोखंड, म्हणून लोखंडाला. पण रंगाला एखादा ओरखडा पडतोच. मग राखलेला धातू मोठा आणि उघडे लोखंड टाचणीच्या टोकाएवढे अशी अवस्था होते, आणि त्या एका जागी खोल छिद्र पडते. म्हणून रंग दोघांना द्यावा, आणि एकालाच द्यायचा तर पितळेला द्यावा.

जस्ताचे बलिदान

आता हीच संगत आपल्या कामी लावता येते. लोखंडाला तांब्याची सोबत वाईट, तर जस्ताची चांगली. कारण उतरंडीवर जस्त लोखंडाच्या वर आहे. जस्ती पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी भोवतालचे जस्त आपण झिजून त्याला राखते. फ्रान्समधल्या सोरेल याने १८३७ साली लोखंडावर जस्त चढवण्याच्या या रीतीचे एकस्व घेतले. कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याच्या पत्र्याचे तसे नाही. कथील स्वतः टिकाऊ, पण उतरंडीवर लोखंडाच्या खाली. मुलामा अखंड आहे तोवर उत्तम; एकदा का ओरखडा पडला, की बाहेरच्या ओलीत कथलाच्या संगतीने लोखंड उलट लवकर गंजते. बादली जस्ताची का करतात, कथलाची का नाही, याचे हे उत्तर.

सर हंफ्री डेव्ही याने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या तळाला जस्त आणि लोखंड यांचे तुकडे जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले. पण एक विचित्र अडचण आली. तांबे किंचित विरघळत असे, त्याच्या विषाने शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नसत. झीज थांबली तसे ते विषही थांबले, आणि तळावर शेवाळशिंपल्यांची गर्दी होऊन जहाजे मंदावली. नौदलाला ती योजना गुंडाळावी लागली. डेव्हीचे तत्त्व मात्र खरे ठरले. आज लोखंडी जहाजांच्या तळाला, मच्छीमारी नौकांच्या पंख्याजवळ, जमिनीखालच्या तेलवाहिन्यांना आणि घरच्या गीझरच्या टाकीतही जस्ताचा किंवा मॅग्नेशियमचा असा बळी जाणारा तुकडा बसवलेला असतो. तो संपत आला की बदलायचा. गीझरमधला मॅग्नेशियमचा दांडा संपून गेला तरी पुष्कळांना पत्ताच नसतो; मग टाकी झिजू लागते.

एकटे लोखंडही एकटे नसते

इथे कुणी विचारील, की माझ्या कुंपणाच्या खांबाला तांबे कुठे लागले होते? तरी तो गंजलाच. प्रश्न रास्त आहे. एकाच लोखंडाच्या दोन भागांतही सेल तयार होतो. खिळ्याचे डोके आणि टोक ठोकून घडवलेले असते, म्हणून तिथे गंज बहुधा आधी दिसतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे, जिथे प्राणवायू भरपूर तो भाग राखला जातो, आणि जिथे तो कमी पोचतो तो भाग झिजतो. केंब्रिजच्या इव्हान्सने मिठाच्या पाण्याचा एकच थेंब लोखंडावर ठेवून हे दाखवले. थेंबाच्या कडेला हवा मिळते, मध्ये मिळत नाही. आणि लोखंड विरघळते ते मध्ये. म्हणून पत्र्यावर पडलेल्या ओल्या पोत्याखाली, चिखलाच्या ढेकळाखाली, सैल बसलेल्या वॉशरच्या फटीत धातू आतल्या आत पोखरला जातो. वरून धडधाकट दिसणारा नांगराचा फाळ किंवा फवारणीचा पंप पावसाळ्याआधी धुऊन, कोरडा करून, तेलाचा हात देऊन ठेवावा, असे जाणते लोक सांगतात ते यासाठी.

आपल्या घरी आणि शेतावर

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

जस्ती पत्रा जस्ती स्क्रूनेच बसवावा. तांब्यापितळेची तार किंवा पट्टी त्यावर टेकवून ठेवू नये. जस्ती पाइपाला पितळी तोटी चालते, कारण पितळ थोडे आणि पाइप मोठा. पण सूर्यचुलीच्या धर्तीवर पाणी तापवणाऱ्या सौर बंबात तांब्याच्या नळ्या असतील आणि तिथले गरम पाणी जस्ती पाइपातून पुढे येत असेल, तर सावध राहावे. तांब्याचे सूक्ष्म अंश पाण्याबरोबर येऊन पुढच्या पाइपात बसतात, आणि विळ्याच्या पात्यावर झाले तेच तिथे आत होते. पाणी आधी जस्तातून आणि मग तांब्यातून जावे, उलट नको. ते जमत नसेल तर गरम पाण्यासाठी तयार केलेले प्लॅस्टिकचे पाइप वापरावेत. कूपनलिकेत पंप टांगायला आता खास प्लॅस्टिकचे भक्कम पाइप मिळतात. खारट किंवा आंबट पाण्याच्या गावी ते परवडतात.

सर्वांत जपायची गोष्ट विजेच्या जोडाची. खांबावरून येणारी तार बहुधा ॲल्युमिनियमची आणि मोटारीची किंवा घरातली तार तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पावसाळा आला, की त्या जोडात सेल तयार होतो. ॲल्युमिनियम झिजते, जोड सैल आणि खराब होतो, खराब जोड तापतो, आणि तापलेल्या जोडाने मोटार जळते किंवा गोठ्यातल्या कडब्याला आग लागते. यासाठी एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असा दोन धातूंचा लग मिळतो. तो बसवून घ्यावा, जोड ओलीपासून बंद ठेवावा, आणि हे काम वायरमनकडूनच, वीज बंद करून करवावे. लगाची किंमत मोटार पुन्हा भरून घेण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. आणि जीवाची तर किंमतच करता येत नाही.

गंज हा काही धातूचा शाप नव्हे. खाणीत लोखंड प्राणवायूशी जोडलेलेच सापडते. भट्टीत कोळसा जाळून आपण ते सोडवून आणतो, आणि संधी मिळताच ते परत जाऊ पाहते. ती संधी किती द्यायची हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी नळाची दुरुस्ती काढाल किंवा नवा पत्रा चढवाल, तेव्हा कारागिराला एवढेच विचारा: इथे कोणते दोन धातू एकत्र येतात, आणि त्यांच्यात ओल कुठून येईल? आणि शिक्षकांनो, पाच पेले येत्या आठवड्यातच वर्गाच्या खिडकीत मांडा. ज्या मुलाने ते रोज पाहिले, तो घरी जाऊन बापाला मोटारीचा जोड दाखवायला सांगेल, याची मला खात्री वाटते.